वाऱ्याच्या सहा ओळी : लोणंद परिसराच्या एका अंदाजावर भाष्य

सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नीरा नदीच्या दक्षिणेस वसलेलं लोणंद महाराष्ट्राला कांद्याच्या बाजारामुळे आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे ठाऊक आहे. वैमानिकाच्या नकाशात त्याचं महत्त्व वेगळं आहे. पश्चिमेला पाचगणीचं पठार आणि ईशान्येला बारामतीची धावपट्टी ही दोन्ही ठिकाणं लोणंदपासून सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटरवर आहेत. पाचगणी-वाई भागात पॅराग्लायडर उडतात, बारामतीत वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं. दोघांच्या मधलं हे नीरेचं खोरं पाहताना सपाट वाटतं, पण हवेच्या दृष्टीने ते मुळीच साधं नाही. लोणंदला धावपट्टी नाही, म्हणून लोणंदच्या नावाचा विमानतळ-अंदाजही निघत नाही. इथून जाणारा वैमानिक पुण्याच्या लोहगाव विमानतळाचा अंदाज घेतो, त्याला हवामान-मॉडेलचे वेगवेगळ्या उंचीवरचे आकडे जोडतो, आणि दोन्ही मिळून जो मजकूर तयार होतो तो वाचून निर्णय घेतो.

अशाच एका मजकुराच्या सहा ओळी इथे भाष्यासाठी घेतल्या आहेत. त्या कोणत्याही एका तारखेच्या नाहीत. एप्रिलच्या मध्यावर या भागात जशी स्थिती येते, तिचा हा मी बेतलेला नमुना आहे. सांकेतिक अक्षरं काढून मजकूर साध्या मराठीत लिहिला आहे, आकड्यांची रीत मात्र वैमानिकांचीच ठेवली आहे.

१. वारा : दिशा अस्थिर, ३ नॉट. दृश्यता ५००० मीटर, धुरकट.
२. ०५०० ते ०७०० दरम्यान बदलत जाऊन : १३० अंशांवरून ८ नॉट.
३. ९२५ हेक्टोपास्कल : १४० अंश, १० नॉट. ८५० : ३१० अंश, १२ नॉट. ७०० : २७० अंश, १८ नॉट.
४. जमिनीलगत दुपारचे झोत : १८ नॉट.
५. शक्यता ३० टक्के, अधूनमधून, ०९०० ते १२०० : दिशा अस्थिर, २० नॉट, झोत ३५ नॉट, मेघगर्जनेसह पाऊस.
६. १२०० नंतर : २७० अंशांवरून १२ नॉट.

हा अंदाज पहिल्या नजरेत विसंगत वाटतो. सकाळी वाऱ्याला दिशा नाही, दुपारी तो आग्नेयेचा, संध्याकाळी पश्चिमेचा. खाली एक दिशा, वर नेमकी उलटी. नवशिके अशा वेळी म्हणतात की मॉडेल गोंधळलं आहे, आणि मग त्यातला सोयीचा आकडा उचलून उडायला निघतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या खोऱ्यात एका दिवसात तीन-चार वेगळे वारे खरोखरच येऊन जातात, आणि अंदाज विसंगत दिसतो तेव्हा बहुधा त्यांच्या झटापटीचीच ती नोंद असते. प्रत्येक आकड्याला तीन प्रश्न विचारायचे : किती उंचीवरचा, किती वेळाचा, किती जागेचा?

ओळ पहिली : दिशा अस्थिर, ३ नॉट

विमानतळाच्या नोंदीतला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा आणि १० मिनिटांच्या सरासरीचा असतो. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तेव्हा ३ नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. इतक्या मंद वाऱ्याला एक दिशा लावता येत नाही, म्हणून अंदाजकार ‘अस्थिर’ असं लिहितो. हा लोहगावचा अंदाज आहे, आणि लोहगाव लोणंदपासून सरळ रेषेत ६५ किलोमीटरवर आहे. दोन्ही ठिकाणांची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या जवळपास असल्याने तापमानाची तुलना चालते. वाऱ्याची तुलना चालत नाही, कारण लोणंदच्या दक्षिणेला महादेव डोंगररांग उभी आहे.

ही रांग महाबळेश्वरच्या बाजूने फुटून पूर्वेकडे जाते. पुणे-मिरज रेल्वेने लोणंद सोडलं की सालपे, आदर्की, वाठार अशी स्थानकं येतात आणि गाडी वळणं घेत याच रांगेवर चढते. एप्रिलच्या निरभ्र रात्री डोंगराचा उतार लवकर थंड होतो. त्याला लागलेली हवा जड होऊन उताराने खाली घसरते आणि नीरेच्या पात्राकडे, तिथून पूर्वेकडे वाहत जाते. पुण्याच्या हवामानखात्यातील एस. आत्मनाथन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी पुण्यातल्या अशा उतारवाऱ्यांचा अभ्यास केला होता. हवामानखात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि पुढच्या काही वर्षांत दख्खनच्या जमिनीलगतच्या हवेवर इथे विलक्षण काम झालं. एल. ए. रामदास आणि आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली नसते. ती जमिनीपासून काही सेंटिमीटर वर असते. त्या थराला आज जगभर रामदास थर म्हणतात. वैमानिकाला सेंटिमीटरांचा थेट उपयोग नाही. पण जमिनीलगतची हवा वरच्या हवेपासून किती सहज तुटते, हे त्या कामातून कळतं.

पहिल्या ओळीचा खरा अर्थ हाच : हवा तुटलेली आहे. रात्रभरात खाली थंड हवेचं झाकण तयार झालं आहे, धूर आणि धूळ त्याखाली अडकली आहे, म्हणून दृश्यता पाच किलोमीटर. झाकणाच्या वर वारा १५ नॉटचाही असू शकतो, खाली पानही हलत नाही. ‘३ नॉट’ वाचून सकाळ शांत आहे असं ठरवणाऱ्याने फक्त १० मीटरपर्यंतची शांतता वाचलेली असते. त्यातही लोणंदच्या दक्षिण अंगाला, सालप्याच्या बाजूला, सूर्य वर येईपर्यंत डोंगराकडून मंद झुळूक उतरत असते. अंदाजात ती कधीच दिसत नाही, आणि सकाळी आठला तिथे उतरणाऱ्याला हमखास भेटते.

ओळ दुसरी : ०५०० ते ०७००, १३० अंशांवरून ८ नॉट

वेळ वैश्विक (यूटीसी) आहे. भारतीय वेळेसाठी त्यात साडेपाच तास मिळवले की सकाळचे साडेदहा ते दुपारचे साडेबारा होतात. ‘बदलत जाऊन’ याचा अर्थ ठरलेला आहे : या दोन तासांत बदल केव्हातरी सुरू होईल, आणि शेवटी नवी स्थिती कायम झालेली असेल. अकरा वाजता वारा बदललेला नसेल तर अंदाज चुकला असं होत नाही.

अंश वारा जिथून येतो त्या दिशेचे. मोबाइलवरच्या नकाशातले बाण मात्र हवा जिकडे जाते तिकडे तोंड करून असतात. आकडा आणि बाण यांच्यात गल्लत केली की उतरण्याची दिशा थेट उलटी होते. अंदाजातले अंश खऱ्या उत्तरेपासून मोजलेले असतात आणि नियंत्रण मनोऱ्यावरून बोलून सांगितलेले चुंबकीय उत्तरेपासून. आपल्या भागात दोन्हींतला फरक एका अंशाच्या आतबाहेर आहे, तेव्हा तो सोडून द्यावा.

बदल होतो कशामुळे? ऊन चढतं, तळची हवा तापून वर उठते आणि रात्रीचं झाकण फुटतं. वरचा वेगवान वारा खाली मिसळू लागतो. दहा-अकराच्या सुमारास लोणंदच्या माळावर पहिली वावटळ उठते, ती या फुटण्याची खूण असते.

ओळ तिसरी : ९२५, ८५०, ७००

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो या ओळीला, आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळतात.

हेक्टोपास्कलचे हे आकडे दाबाचे आहेत, त्यांची उंची करून घ्यावी लागते. ९२५ म्हणजे समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर, ८५० म्हणजे दीड हजार, ७०० म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर. मुंबईच्या वैमानिकासाठी ९२५ चा वारा बराच उंचावरचा असतो. लोणंदची जमीनच सहाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून इथे तोच वारा डोक्यावर जेमतेम दीडशे मीटरवर येतो. विमान उतरण्यासाठी शेवटचं वळण घेतं, पॅराग्लायडर उतरण्याची जागा निवडतो, ती ही उंची. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, म्हणजे ९२५ च्या पातळीच्या खूप वर आणि ८५० च्या किंचित खाली. पाचगणीच्या कड्यावर ९२५ चा आकडा वाचण्यात काही अर्थ नाही. त्या उंचीवर तिथे हवा नाही, डोंगराचं पोट आहे. मॉडेल तरीही आकडा देतं, कारण गणिताने तो पृष्ठभागाखाली ओढून काढलेला असतो.

आता दिशा पाहू. साडेसातशे मीटरवर वारा आग्नेयेचा, दीड हजारावर वायव्येचा. पाचगणीच्या कड्यावर ग्लायडर उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर वायव्य वारा लागेल, आणि त्याच वेळी लोणंदजवळच्या शेतात उतरताना आग्नेय. उड्डाणाच्या जागेचा वातनळा आणि उतरण्याच्या जागेचा वातनळा एकमेकांच्या विरुद्ध तोंडं करून फुगलेले असतील. वर पाहिलेली दिशा मनात धरून खाली उतरणारा माणूस वारा पाठीवर घेऊन जमिनीला भिडेल. ८ नॉटचा वारा समोरून असण्याऐवजी पाठीमागून आला की जमिनीवरचा वेग दुपटीच्या १६ नॉटने वाढतो, म्हणजे ताशी ३० किलोमीटरने. मोडलेल्या घोट्यांची कारणं शोधायला दूर जावं लागत नाही.

अशी उलटी मांडणी येते कुठून? एप्रिल-मे महिन्यांत विदर्भापासून मराठवाडा आणि कर्नाटकाच्या अंतर्गत भागातून दक्षिणेकडे जाणारी एक रेषा हवामान वार्तापत्रांत वारंवार येते. मराठी वर्तमानपत्रं तिला खंडित वाऱ्यांची स्थिती म्हणतात. तिच्या पूर्वेला बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट आग्नेय हवा, पश्चिमेला वायव्येची कोरडी हवा. ही रेषा दिवसागणिक पूर्व-पश्चिम सरकते, आणि तिचा पृष्ठ भिंतीसारखा सरळ उभा नसतो. रेषा पश्चिमेला सरकून सातारा जिल्ह्यावर आली की दमट आग्नेय हवा खालून पाचरीसारखी शिरते आणि कोरडी वायव्य हवा तिच्यावर स्वार राहते. आपल्या तिसऱ्या ओळीत तेच दिसतं आहे.

या दोन हवांचा सांधा साडेसातशे आणि दीड हजार मीटरच्या मध्ये कुठेतरी आहे. सालपे-आदर्कीच्या बाजूच्या महादेव रांगेचा माथा हजार-अकराशे मीटरच्या आसपास. म्हणजे सांधा नेमका माथ्याच्या पातळीला आला आहे. रांगेच्या उत्तर उतारावर, लोणंदच्या बाजूला, याचा परिणाम विचित्र होतो. माथ्याजवळ वायव्य वारा समोरून आदळून वर उचलतो, तर उताराचा खालचा अर्धा भाग आग्नेय वाऱ्याच्या आडोशाला येतो आणि तिथे हवा गिरक्या घेत खाली बसते. वर तरंगत राहता येईल असं वाटावं आणि शंभर मीटर खाली आल्यावर ग्लायडरची एक बाजू अचानक मिटावी, हा त्या सांध्याचा गुण. डोंगराच्या दोन्ही अंगांनी उठणारे थर्मल, म्हणजे तापून वर चढणारे हवेचे स्तंभ, या सांध्यातून जाताना तिरपे होतात. खाली वायव्येकडे झुकलेला थर्मल सांधा ओलांडला की आग्नेयेकडे झुकतो. त्यात गोल फिरणाऱ्या पायलटला वाटतं की थर्मल हरवला, प्रत्यक्षात त्याने बाजू बदललेली असते. सांध्यावर आल्यावर उलट दिशेला शोधावं.

७०० च्या पातळीवरचा पश्चिम वारा, १८ नॉट, हा ताशी ३३ किलोमीटर होतो. पॅराग्लायडरचा सहज वेग ताशी ३६ ते ४० किलोमीटर असतो. तीन हजार मीटरवर पश्चिमेकडे तोंड केलं तर तो जवळजवळ जागीच उभा राहील. वाईला परतायचं मनात असेल तर ही उंची घेऊच नये. फलटणच्या दिशेने वाहत जायचं असेल तर ती हवीच. सह्याद्री ओलांडून आलेला पश्चिम वारा पूर्वेला लहरी उठवतो हेही इथे ध्यानात ठेवावं. सह्याद्रीवरच्या या पर्वतलहरींचं गणित आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकात मांडलं. भिंगासारखे गुळगुळीत, जागचे न हलणारे ढग दिसले की लहर चालू आहे असं समजावं.

जून ते सप्टेंबर हा सगळा प्रश्न मिटतो. तेव्हा खालपासून वरपर्यंत वारा पश्चिमेचा आणि जोरदार. चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर, आणि पॅराग्लायडिंग बंद राहतं तेही याच वाऱ्यामुळे आणि पावसामुळे. टाटांची हवाई टपाल सेवा १९३० च्या दशकात पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात गेल्यावर पुण्याला, येरवड्याजवळच्या मैदानावर हलत असे. सह्याद्रीची पूर्व बाजू पावसाच्या आडोशाला आहे, याचा भारतीय विमानवाहतुकीने इतक्या लवकर फायदा घेतला होता.

ओळ चौथी : झोत १८ नॉट

विमानतळाच्या अंदाजात झोत लिहायचा तो सरासरीपेक्षा किमान १० नॉटने जास्त असेल तर. इथे सरासरी ८ आणि झोत १८, म्हणजे नेमका उंबरठा. पण या नमुन्यात हा आकडा मॉडेलचा आहे आणि त्याला जागेचा प्रश्न विचारायला हवा.

अ‍ॅपवर सर्वांत सहज मिळणारं अमेरिकी जीएफएस मॉडेल आपल्या भागात सुमारे २७ किलोमीटरच्या चौकोनांत आकडे देतं. युरोपीय केंद्राचं मॉडेल ९ किलोमीटरच्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम २६ मे २०२५ रोजी सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा, आणि दख्खनच्या डोंगराळ भागासाठी ही मोठी प्रगती आहे. पण २७ किलोमीटरच्या चौकोनात लोणंद, वीर धरणाचं पाणी आणि सालप्याचा घाट यांची एकच सरासरी उंची होते. मॉडेलला घाट दिसतच नाही, तर घाटातला झोत कुठून दिसणार?

शिवाय लोणंदची जमीन एकसारखी नाही. नीरा उजव्या कालव्याखाली हिरवा ऊस, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला कोरडं माळरान. माळ तापतो, उसातून बाष्प निघत असल्याने तो थंड राहतो. दुपारी बारा-एकला उसाकडून माळाकडे मंद वारा वाहू लागतो आणि माळाच्या कडेला थर्मल सुटतो. सर्वसाधारण वारा ८ नॉटचा असेल तर थर्मल सुटताना त्याच जागी काही क्षण १५ नॉट मिळतात आणि लगेच दिशा फिरते. उंची कमी झालेल्या पायलटने उसावर थर्मल शोधत बसू नये, माळाची वाऱ्याखालची कड धरावी. उतरायचं असेल तर मात्र हीच कड टाळावी.

ओळ पाचवी : ३० टक्के, अधूनमधून, दिशा अस्थिर, २० नॉट, झोत ३५

पहिल्या ओळीतही दिशा अस्थिर होती. तिथे वारा इतका मंद होता की दिशा ठरत नव्हती. इथे वारा इतका मोठा आहे की तो कोणत्या बाजूने येईल हे ढग कुठे उभा राहतो यावर अवलंबून. अंदाजकाराने प्रामाणिकपणे सांगितलं आहे की दिशेवर विसंबू नका.

३० टक्के हा आकडा लहान समजू नये. विमानतळाच्या अंदाजात शक्यता लिहायची ती ३० किंवा ४०. तिच्याखालची नोंदण्यासारखी मानत नाहीत, आणि ५० किंवा अधिक असेल तर ती शक्यता राहत नाही, थेट अंदाजातच लिहितात. म्हणजे ३० हा ‘दखल घ्या’ म्हणणारा पहिला आकडा आहे. ‘अधूनमधून’ याचाही अर्थ ठरलेला : प्रत्येक वेळी एका तासापेक्षा कमी आणि एकूण दिलेल्या मुदतीच्या निम्म्यापेक्षा कमी. मुदत दुपारी अडीच ते साडेपाच, तीन तासांची. म्हणजे मिळून दीड तासापर्यंत हे चालू शकतं. पॅराग्लायडरच्या दृष्टीने दहा मिनिटंही पुष्कळ आहेत.

वळवाची ताकद कशात आहे ते आकड्यांनी पाहू. दुपारचं तापमान ३८ अंश आणि दवबिंदू १६ अंश धरला तर फरक २२. दर अंशाला १२५ मीटर या वैमानिकांच्या ढोबळ नियमाने ढगाचा तळ जमिनीपासून पावणेतीन हजार मीटरवर येतो. दवबिंदू १० असता तर तळ साडेतीन हजारांवर गेला असता आणि कदाचित ढग झालाच नसता. दमट आग्नेय हवेने तळ खाली आणला आणि ढगाला खाद्य दिलं. तरीही तळाखाली पावणेतीन किलोमीटर जाडीची तापलेली, कोरडी हवा शिल्लक आहे. पाऊस तिच्यातून पडताना निम्म्या वाटेतच सुकू लागतो, त्या सुकण्याने हवा थंड होऊन जड होते आणि कोसळते. जमिनीवर आदळून ती चहूबाजूंना पसरते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ २४ जून १९७५ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान पडलं, त्या अपघाताच्या अभ्यासातून टेट्सुया फुजिता यांनी अशा कोसळणाऱ्या हवेचं स्वरूप मांडलं. त्याआधी मोठ्या विमानांच्या वैमानिकांनाही हा धोका नीट ठाऊक नव्हता. दख्खनच्या शेतकऱ्याला वळवाआधीचं वादळ, पत्रे उडवणारं, पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्या वादळाची यंत्रणा हीच.

पसरणारी हवा ढगाच्या वीस-तीस किलोमीटर पुढे धावू शकते. फलटणवर गडगडाट चालू आणि लोणंदवर ऊन, ही स्थिती फसवी आहे : फलटण इथून २५ किलोमीटर. पूर्वेला क्षितिजाजवळ मातीचा पट्टा उठताना दिसला की हातात काही मिनिटं आहेत असं धरावं. ढगाच्या खाली शिरण्याचा तर विचारच नको. वाढणाऱ्या ढगाखाली हवा सुखद, एकसंध उचलते आणि ती सहजता पायलटला ढगात ओढून नेते.

ओळ सहावी : १२०० नंतर २७० अंशांवरून १२ नॉट

वेळ संध्याकाळी साडेपाच. हा पश्चिम वारा समुद्रावरून आलेला आहे. लोणंद आणि श्रीवर्धन जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, मध्ये सव्वाशे किलोमीटर आणि एक सह्याद्री. खारा वारा कोकणापुरता असतो असं शाळेच्या पुस्तकातून आपल्या मनात बसलेलं असतं, पण उन्हाळ्यात तो घाट चढून पुण्यापर्यंत येतो. के. आर. रामनाथन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभीच पुण्यातल्या या वाऱ्याच्या रचनेवर लिहिलं होतं. दुपारभर पठार तापतं, तिथला दाब घटतो, आणि घाटाच्या पायथ्याशी थोपलेली दमट, थंड हवा वर ओढली जाते. पठारावरचे थर्मल ओसरू लागले की तिला अडवणारं काही राहत नाही. नकाशा पाहिला तर भोरकडून शिरवळमार्गे नीरेचं खोरं लोणंदकडे उघडं आहे. रांग ओलांडून येण्यापेक्षा या खोऱ्यातून येणं हवेला सोपं.

हा वारा आला हे ओळखायचं कसं? वळवाच्या ढगातून सुटलेला वाराही थंड असतो आणि तोही पश्चिमेकडून येऊ शकतो. दोघांत फरक टिकण्याचा आहे. वळवाचा वारा धूळ उडवत एकदम येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात मरतो. खारा वारा चढत जातो, दवबिंदू वर नेऊन तिथेच ठेवतो, आणि रात्रीपर्यंत वाहतो. पूर्वी खळ्यावर ज्वारी उपणायला या संध्याकाळच्या वाऱ्याची वाट पाहत. धान्य सरळ खाली आणि भूस एका बाजूला पडायचं तर एका दिशेचा, न तुटणारा वारा लागतो. झोत घेणाऱ्या दुपारच्या वाऱ्यात उपणणी होत नाही.

आता पाचवी आणि सहावी ओळ एकत्र वाचावी, कारण त्या स्वतंत्र नाहीत. पूर्वेकडे सरकणारी खाऱ्या वाऱ्याची आघाडी आणि समोरून येणारी आग्नेय हवा यांची गाठ पडते तिथे हवेला वर जाण्यावाचून वाट नाही. ढगांची रांग त्याच रेषेवर उभी राहते. म्हणजे २७० अंशांचा वारा हा वळीव संपल्यानंतर येणारा वेगळा पाहुणा नाही. वळीव उठवणाऱ्यांपैकी तोच एक आहे. अंदाजातल्या साडेपाचऐवजी तो चारलाच शिरवळला पोहोचला तर पाचवी ओळही त्याच्याबरोबर पुढे सरकते. लोणंदला बसलेल्या माणसाने शिरवळ, भोर किंवा वाईच्या ओळखीच्या माणसाला फोन करून ‘वारा फिरला का?’ एवढं विचारावं. कोणत्याही मॉडेलपेक्षा त्या उत्तराची किंमत या खोऱ्यात जास्त आहे. अनुभवी पायलट दोन हवांच्या या गाठीवर लांब उड्डाणं करतात हे खरं, पण ढग पावसाचे नसतील त्या दिवशी. आघाडी अंगावरून गेली की खालची हवा थंड होते, थर्मल बंद पडतात आणि उरतो तो फक्त १२ नॉटचा वारा. शिकाऊ विमानासाठी तो उत्तर-दक्षिण धावपट्टीवर संपूर्ण आडवा ठरेल, पूर्व-पश्चिम धावपट्टीवर सरळ समोरून.

या नमुन्यावर माझा निर्णय असा. सकाळी साडेअकराच्या आधी पॅराग्लायडरने निघू नये, कारण झाकण नीट फुटलेलं नसतं आणि सांध्याची उंची कळत नाही. निघताना सालप्याच्या माथ्यावरची आणि लोणंदच्या शेतातली, अशा दोन्ही दिशा फोनवरून विचारून घ्याव्यात. महादेव रांगेचा उत्तर उतार त्या दिवशी पूर्ण वर्ज्य. फलटणच्या बाजूला ढगाची उंची रुंदीपेक्षा जास्त दिसू लागली की घड्याळ न पाहता उतरावं, आणि तसं काही दिसलं नाही तरी दुपारी दोन वाजता ग्लायडर घडी करून पिशवीत गेलेला असावा. शिकाऊ विमानाचं उड्डाण सकाळी साडेदहाच्या आत आटोपावं. दुपारच्या सत्रासाठी हा दिवस योग्य नाही.